फायनलवर बोलत बसलं की विमान आदळतं: एका शिकाऊ वैमानिकेला उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतली एक मुलगी जिल्ह्याबाहेरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये सेसना १७२ या छोट्या विमानावर शिकते आहे. नुकतीच सोलो झाली, म्हणजे एकटीने उडवायला लागली. परवाच्या सोलो सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, ती शॉर्ट फायनलवर (उतरण्याच्या सरळ रेषेतल्या अगदी शेवटच्या टप्प्यावर) असताना टॉवरने विचारलं, 'फुल स्टॉप की टच अँड गो?', म्हणजे उतरून थांबणार की चाकं टेकवून पुन्हा उडणार? तिची नजर रेडिओकडे गेली, तिने उत्तर दिलं, वर पाहिलं तोवर धावपट्टी अंगावर आली होती. विमान आदळलं, उसळलं, पुन्हा आदळलं आणि मग सरळ धावलं. इन्स्ट्रक्टर म्हणाले, 'लक्ष कुठं होतं? एकाग्रता वाढव.' तिचे प्रश्न तीन. एकाग्रता वाढवायची म्हणजे नक्की काय करायचं? विमानाला आतून काही झालं असेल का? आणि पुढच्या महिन्यात क्रॉस कंट्रीवर (दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या सरावाच्या उड्डाणात) कोल्हापूरला उतरायचं आहे, तिथं असं होऊ नये म्हणून काय करावं?

मी बरीच वर्षं छोट्या विमानांवर शिकवलं, आता कोल्हापुरातच असतो. 'एकाग्रता वाढव' हा सल्ला मला कधीच पटला नाही, कारण तो ऐकून कुणाचं लँडिंग सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. फायनलवर शिकाऊ पोराचं लक्ष आधीच पूर्ण कामाला लागलेलं असतं. शिल्लक काही नसतंच, तर वाढवणार कुठून? त्या वेळची कामं मात्र कमी करता येतात, आणि तेवढंच आपल्या हातात आहे.

आधी तुझ्या त्या काही सेकंदांचा हिशोब मांडू. १७२ चा फायनलचा वेग ६५ नॉट धर. म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. तीन अंशांच्या उतारावर या वेगाला विमान मिनिटाला साधारण साडेतीनशे फूट खाली येतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा फूट. राउंड आउट, म्हणजे टेकण्याआधी नोज हळूहळू वर घेत उतार मोडणं, आपण पंधरा-वीस फुटांवर सुरू करतो. आता बटण दाबायचं, कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) म्हणायचं, 'फुल स्टॉप' म्हणायचं, बटण सोडायचं, याला तीन सेकंद सहज जातात. वीस फुटांवर तू बोलायला सुरुवात केली असशील, तर बोलणं संपेपर्यंत विमान शंभर मीटर पुढे गेलं आणि सतरा फूट खाली आलं. उरले तीन फूट, आणि नोज अजून फायनलच्याच स्थितीत. तिथून पुढे कसलेल्या हातालाही करण्यासारखं फार थोडं उरतं.

नजर खाली गेली नसती तरी फार फरक पडला असता असं समजू नकोस. फ्लेअरमध्ये, म्हणजे राउंड आउटपासून चाकं टेकेपर्यंत, आपण उंची मोजत नाही, ती जाणवते. धावपट्टीचं पलीकडचं टोक वर सरकतं, दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यात रुंदावत जातात, खालच्या डांबराचा पोत स्पष्ट होतो. ही सगळी माहिती फार बारीक असते आणि ती सतत टिपत राहावी लागते. डोकं वाक्य जुळवायला लागलं की पहिल्यांदा हीच माहिती गळते. डोळे बाहेर असतात, पण दिसणं थांबलेलं असतं. उजव्या, इन्स्ट्रक्टरच्या सीटवरून हे अगदी स्पष्ट कळायचं. विद्यार्थी बोलायला लागला की त्याच्या योकवरच्या (विमानाच्या स्टिअरिंगवरच्या) त्या बारीकसारीक हालचाली थांबायच्या. इतका वेळ जिवंत असलेला हात एकदम थिजायचा, आणि बोलणं संपलं की झटका द्यायचा.

त्या झटक्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण विमान बहुतेक वेळा विचलनाने आदळत नाही, विचलनातून भानावर येताना आदळतं. जमीन अचानक जवळ दिसते, पोटात गोळा येतो आणि हात योक एकदम मागे ओढतो. वेग थोडा शिल्लक असेल तर विमान फुगतं, म्हणजे आठ-दहा फूट वर चढतं आणि तिथं वेग संपवून बसतं. पंख आता वजन पेलत नाहीत, विमान खाली कोसळतं. वेग शिल्लक नसेल तर नोज वर येतं पण विमान खाली येतच राहतं आणि चाकं दणकन टेकतात. काही पोरं याच्या उलट करतात. फुगलेलं विमान पाहून घाबरतात आणि योक पुढे ढकलतात. हे सगळ्यांत वाईट. मुख्य चाकांआधी नोजव्हील टेकतं, नोज वर फेकलं जातं, पोरगं पुन्हा ढकलतं, आणि प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा मोठी होत जाते. आपण त्याला पॉरपॉइझिंग म्हणतो. या उड्या हाताने ताल धरून थांबवता येत नाहीत, कारण तुझी प्रतिक्रिया दर वेळी अर्ध्या सेकंदाने उशिराच पोचते आणि उसळीत भर घालते. तिसऱ्या-चौथ्या उडीला नोजव्हील मोडतं किंवा प्रोपेलर जमिनीला लागतो. १७२ मध्ये प्रोपेलरचं टोक आणि जमीन यांत साधारण फूटभरच अंतर असतं.

तुझी उसळी एकच होती आणि तू योक पुढे ढकलला नाहीस, हे तुझ्या वर्णनावरून दिसतं. हे चांगलं झालं. पण पुढच्या वेळी दुसऱ्या टेकण्याची वाट पाहू नकोस. लहानशी उसळी असेल, दोन-तीन फुटांची, तर नोज आहे तिथं धर, किंचित पॉवर दे आणि विमानाला पुन्हा बसू दे. त्याहून मोठी असेल तर पूर्ण थ्रॉटल आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाऊन नवी फेरी. फायनलच्या ट्रिममुळे (योकवरचा जोर हलका करणाऱ्या मांडणीमुळे) पूर्ण पॉवरला नोज झपकन वर येतं, ते दाबून धर, उजवा रडर दे, फ्लॅप (पंखामागच्या झडपा) ३० वरून आधी २० वर आण आणि बाकीचे वेग धरल्यावर, वर चढायला लागल्यावर टप्प्याटप्प्याने. एकदम सगळे फ्लॅप वर घेतलेस तर विमान खाली बसेल. तुझ्या विमानाच्या हँडबुकातला क्रम वेगळा असेल तर तोच पाळ. मात्र तो क्रम तोंडपाठ नको, हातपाठ हवा. जमिनीवर विमान उभं असताना सीटवर बसून, डोळे मिटून, लिव्हरना हात लावून तो करून बघ.

आता विमानाचं. छोट्या विमानांसाठीच्या अमेरिकेच्या नियमावलीत, भाग २३ च्या जुन्या तरतुदींत, लँडिंग गिअर सेकंदाला ७ ते १० फूट या वेगाचा आघात सोसेल असा बनवावा असं होतं. नेमका आकडा वजन आणि पंखाच्या क्षेत्रफळावरून ठरतो. १० फूट म्हणजे मिनिटाला ६०० फूट. ऐकायला भरपूर वाटतं. पण दीड फुटावरून दगड सोडला तर तो जमिनीला साधारण याच वेगाने लागतो. पंख काही ना काही वजन पेलत असतात म्हणून विमानाचं दगडासारखं होत नाही, पण चार-पाच फुटांवर वेग संपवून बसलेलं विमान त्या मर्यादेच्या किती जवळ असतं हे यावरून लक्षात येईल. शिवाय आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. खाली येण्याचा वेग दुप्पट झाला की गिअरला चौपट सोसावं लागतं.

हे सोसणं बाहेरून दिसत नाही. हार्ड लँडिंगनंतर १७२ लांबून अगदी धडधाकट वाटतं. एकदा आमच्या हँगरमध्ये असंच एक विमान उभं होतं. विद्यार्थ्याने 'थोडं जोरात बसलं' एवढंच सांगितलं होतं. एएमईंनी, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या परवानाधारक इंजिनियरनी, काउल (इंजिनवरचं झाकण) उतरवलं, खाली पाठीवर झोपले आणि टॉर्चचा झोत सरळ न मारता फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) खालच्या भागावर तिरका धरला. सरळ उजेडात जो पत्रा गुळगुळीत दिसत होता, त्याच्यावर तिरक्या उजेडात एक बारीक सुरकुती उमटली. नोजगिअर जिथं बसवलेलं असतं तिथून वर निघालेली, बोटाच्या पेराएवढी. त्यांनी माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. डोळ्याला जेमतेम दिसणारी ती घडी नखाला मात्र लख्ख लागत होती. शेजारच्या दोन रिव्हेटभोवती काजळासारखी काळी कडा आली होती, म्हणजे रिव्हेट सैल होऊन पत्र्यात हलत होते. ते विमान त्या दिवशी दुपारी आणखी दोन पोरं घेऊन जाणार होती.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. विमानाला काही झालं का, हे तू ठरवायचं नाहीस, मीही नाही. ते एएमईने मेंटेनन्स मॅन्युअलमधली हार्ड लँडिंगची तपासणी करून ठरवायचं. फायरवॉल, इंजिन माउंट, नोजचा ऑलिओ (धक्का शोषणारा दांडा) आणि टॉर्क लिंक, मुख्य गिअर फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) जोडलेलं असतं ती जागा, टायर, प्रोपेलरची टोकं, शेपटीखालची रिंग, हे सगळं बघितलं जातं. प्रोपेलर जमिनीला घासला असेल, अगदी टोक खरवडलं असेल तरी, इंजिन आतून तपासावं लागतं, कारण तो धक्का क्रँकशाफ्टपर्यंत पोचतो. तू ते टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) लिहिलं नसशील तर आजच जाऊन सांग, आठवडा उलटला असला तरी. इन्स्ट्रक्टरना माहीत आहे एवढ्यावर सोडू नकोस, एएमईंच्या कानावर गेलं आहे का ते स्वतः विचार. पोरं हे सांगायला घाबरतात, तास वाया जातील, चीफ बोलतील, खर्च आपल्यावर येईल. पण पुढच्या सॉर्टीला (उड्डाणाला) त्या सीटवर दुसरं कुणीतरी बसणार असतं आणि त्याला ती सुरकुती माहीत नसते. नुकसान विमानाच्या रचनेची ताकद कमी करणारं आणि मोठी दुरुस्ती लागणारं असेल, तर इकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, परिशिष्ट १३ नुसार तो अपघात ठरतो आणि स्कूलला तो अधिकृतपणे कळवावा लागतो. ती पुढची जबाबदारी त्यांची. तुझी जबाबदारी खरं आणि लगेच सांगण्याची.

विचलन हे नवशिक्यांचं दुखणं आहे असंही मनात आणू नकोस. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट ४०१, लॉकहीड ट्रायस्टार जातीचं जवळजवळ नवं विमान, मायामीजवळच्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. नोजगिअर खाली आल्याचा हिरवा दिवा लागला नव्हता म्हणून कॉकपिटमधली सगळी अनुभवी माणसं त्या दिव्यामागे लागली. तेवढ्यात ऑटोपायलटची उंची धरून ठेवणारी व्यवस्था सुटली आणि विमान हळूहळू खाली येत राहिलं. उंची बदलल्याचा इशारा वाजला, तो कुणाच्या कानात शिरला नाही. १७६ पैकी १०१ माणसं गेली. नोजगिअर खाली आलेलंच होतं, बल्ब उडाला होता. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ११ सप्टेंबर १९७४ ला, त्याच कंपनीचं एक डीसी-९ शार्लटला उतरताना कोसळलं. अप्रोचवर असताना वैमानिकांच्या राजकारणाच्या आणि जुन्या गाड्यांच्या गप्पा चालल्या होत्या. अशा घटनांनंतर अमेरिकेत १९८१ मध्ये 'स्टराइल कॉकपिट'चा नियम आला. दहा हजार फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेलं काहीही बोलायचं नाही आणि करायचं नाही. तो नियम एअरलाइनसाठी होता. १७२ तर जवळजवळ सगळा वेळ दहा हजारांच्या खालीच उडते. म्हणून मी विद्यार्थ्यांना त्याचं छोटं रूप द्यायचो. डाउनविंडवर (सर्किटच्या धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेच्या बाजूवर) वळल्यापासून धावपट्टी सोडून टॅक्सीवेवर येईपर्यंत विमान उडवण्यापलीकडचं काही नाही.

आता कामं कमी कशी करायची ते. फायनलवर आपल्याला त्रास देणारी बहुतेक कामं तिथली नसतातच, डाउनविंडवर करायची राहून गेलेली असतात. फुल स्टॉप की टच अँड गो, हे टॉवरने विचारायची वेळच येऊ देऊ नकोस. डाउनविंडच्या कॉलमध्येच ते सांगून टाक. लँडिंग चेक्स डाउनविंडच्या मध्यापर्यंत संपव. वाऱ्याची दिशा, कुठला पंख खाली ठेवायचा, कुठल्या टॅक्सीवेने बाहेर पडायचं, हे सगळं बेसच्या (फायनलआधीच्या आडव्या बाजूच्या) आधी ठरलेलं असू दे. फायनलला वळलीस की ट्रिम नीट कर. चुकीच्या ट्रिमवर उडवणं म्हणजे हाताने अखंड चालू ठेवलेलं एक बिनकामाचं काम आहे, आणि पोरं ते लँडिंगपर्यंत तसंच ओढत नेतात. माझ्या मते ट्रिमकडे जितकं दुर्लक्ष होतं तितकं दुसऱ्या कशाकडेच होत नाही.

मग पाचशे फुटांची हद्द. जमिनीपासून पाचशे फुटांवर स्वतःला विचार: वेग बरोबर आहे का, धावपट्टीच्या रेषेत आहे का, उतार बरोबर आहे का, फ्लॅप लागले आहेत का, लँडिंग क्लिअरन्स (उतरायची परवानगी) मिळाला आहे का. काही जमलेलं नसेल आणि लगेच जमत नसेल तर गो-अराउंड. सगळं जमलं असेल तर त्याखाली तुझ्याकडे फक्त दोन कामं: धावपट्टी आणि वेग. वेगाचं काट्यावर ओझरतं बघणं पुरेसं आहे, आणि धावपट्टीचा उंबरठा ओलांडल्यावर तेही बंद. क्लिअरन्स रीडबॅक करावाच लागतो, म्हणजे परत बोलून दाखवावाच लागतो, म्हणून तो त्या हद्दीच्या वरच मिळवून, परत बोलून मोकळी हो. अगदी खाली आल्यावर क्लिअरन्स मिळाला आणि उडवणं नि बोलणं दोन्ही जमत नसेल तर फिरून ये.

शॉर्ट फायनलवर टॉवरने काही विचारलंच, तर कान उघडे ठेव आणि तोंड बंद. 'गो-अराउंड' हा शब्द आला तर आधी थ्रॉटल, मग उत्तर. बाकी कुठल्याही प्रश्नाला 'स्टँडबाय' हा एक शब्द पुरतो, आणि फ्लेअरमध्ये असशील तर तोही नको. उतर, वेग कमी होऊ दे, मग बोल. उत्तराला वेळ लागला म्हणून कंट्रोलर रागावत नाहीत, समोरचा माणूस उतरण्यात गुंतलाय हे त्यांना समोर दिसत असतं. आरटीच्या (रेडिओवर बोलण्याच्या) परीक्षेत झटपट, स्पष्ट उत्तर द्यायला शिकवलेलं असतं, म्हणून पोरांना गप्प राहणं हा अपराध वाटतो. तो अपराध नाही. आधी विमान उडवायचं, मग दिशा, मग बोलणं, हा क्रम कंट्रोलरलाही शिकवलेला असतो.

बाहेरून येणारी विचलनं तरी ओळखू येतात. आतली ओळखायला अवघड. बेसला वळायला उशीर झाला आणि तू फायनलभर त्याच्याबद्दल स्वतःला बोल लावत बसलीस, तर तेही रेडिओवर बोलण्यासारखंच आहे. आधीच्या सर्किटच्या हार्ड लँडिंगची भीती पुढच्या लँडिंगला सोबत आणणं हे तर नेहमीचं. त्यावर मी एकच उपाय चालताना पाहिला आहे: ते डाउनविंडवर मोठ्याने बोलून टाकायचं. 'मागचं लँडिंग वाईट होतं, उशिरा फ्लेअर केलं, आता वीस फुटांवर सुरू करणार.' बोललं की ते डोक्यातून जागा सोडतं. सोलोवर असलीस तर ऐकणारं कुणी नसतं, निःसंकोच बोल. पुढे पीपीएल (खाजगी वैमानिक परवाना) होऊन मित्रमैत्रिणींना घेऊन उडशील तेव्हा बाजूच्या सीटवरचा मोबाइल हे मोठं संकट असेल. उड्डाणाआधीच सांगून ठेव की मी हात वर केला की सगळे गप्प आणि कॅमेरा बंद. आणि कधी सर्किटमध्ये दार उघडलं तर उघडं राहू दे. आवाज प्रचंड होतो, वारा आत येतो, पण १७२ त्याने पडत नाही. माणसं त्या दारापायी आदळली आहेत ती दार ओढायला वाकली म्हणून.

आता कोल्हापूर. उजळाईवाडीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. क्यूएनएचवर, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या मांडणीवर, अल्टिमीटर लावलास तर धावपट्टीवर उभी असतानाच तो दोन हजारांच्या आसपास दाखवतो. म्हणजे सर्किट तीन हजारांवर आणि तुझी पाचशेची हद्द अडीच हजारांवर. ही वजाबाकी फायनलवर करायची नाही, निघण्याआधी नीबोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर) मोठ्या अक्षरांत लिहून आण.

उन्हाळ्यात दुपारी येऊ नकोस, सकाळची वेळ माग. एप्रिलमध्ये पारा ३८ ला गेला की या उंचीवर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे पातळ हवेमुळे विमानाला भासणारी उंची, पाच हजार फुटांच्या वर जातं. काट्यावर ६५ नॉट असले तरी हवेतला खरा वेग ७० च्या घरात असतो. वारा नसेल तर जमीनही तेवढ्याच वेगाने पळताना दिसते. मग नवख्या डोळ्याला वाटतं आपण फार जोरात येतोय, हात नकळत नोज वर घेतो आणि काटा ५५ कडे उतरायला लागतो. डोळ्याला काहीही वाटो, काट्यावरचा वेग नेहमीचाच ठेव. इंजिनही त्या उन्हात कमी ताकद देतं, गो-अराउंडनंतरची चढण आळशी होते, म्हणून तो निर्णय लवकर घे. विमानतळाच्या आसपास एकीकडे एमआयडीसीच्या शेडचे तापलेले पत्रे आणि नांगरलेली रानं, दुसरीकडे पाणी पाजलेला ऊस. पत्र्यांवर विमान वर उचललं जातं, उसावर बसतं. ते बसणं जाणवलं की पोरं दचकून भलतीच पॉवर देतात. थोडी पॉवर, थोडी वाट, एवढं पुरतं.

पावसाळ्याच्या दिवसांत वारा बहुतेक पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून धावपट्टी २५ वर (पश्चिम-नैर्ऋत्येकडे तोंड करून) उतरावं लागतं, आणि नैर्ऋत्येचा असला की डावीकडून क्रॉसविंड (आडवा वारा). १७२ च्या हँडबुकातले १५ नॉट हा चाचणीत दाखवलेला आकडा आहे. तुझी मर्यादा तुझ्या स्कूलने सोलोसाठी घालून दिलेली, ती याहून बरीच कमी असते. तुझ्या तळापेक्षा ही धावपट्टी रुंद वाटली तर एक गोष्ट लक्षात ठेव: रुंद धावपट्टीवर आपण आहोत त्यापेक्षा खाली आहोत असा भास होतो, आणि फ्लेअर उंचावर होऊन विमान पडतं. नजर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाकडे ने. मोटरसायकलवर खड्ड्याकडे बघत राहिलं की चाक खड्ड्यातच जातं, तसंच इथं समोरच्या डांबराकडे बघत राहिलं की विमान तिथंच आपटतं.

मागे एअरलाइनचं एटीआर फायनलवर येत असेल तर टॉवर तुला धावपट्टी लवकर सोडायला सांगू शकतो. ते ऐकून वेगात उतरायची किंवा विमान जबरदस्तीने खाली बसवायची गरज नाही. दोन विमानांतलं अंतर राखणं टॉवरचं काम आहे, ते जमत नसेल तर ते एकाला फिरवतील. तू नीट उतर, नीट थांब, मग बाहेर पड. फ्लेअरमध्ये लांब तरंगत गेलीस आणि अर्धी धावपट्टी संपत आली असं वाटलं तरी योक पुढे ढकलू नकोस. फिरून ये.

आणि घरच्यांचं. राजारामपुरीची पोरगी स्वतः विमान घेऊन उतरणार म्हटल्यावर आई, मामा, शेजारपाजार सगळे कुंपणापाशी येतील, व्हिडिओ काढतील. त्यांचं कौतुक खरं आहे, आणि म्हणूनच ते तुझ्या डोक्यात बसेल. फायनलवर तुझा एक कोपरा सारखा 'ते बघतायत' म्हणत राहील. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगायचो की पहिल्यांदा गावी उतरताना तारीख घरी कळवू नका. उतरल्यावर, पार्किंगला इंजिन बंद करून, पेपरवर्क झाल्यावर फोन करा. आईला थोडं वाईट वाटेल, पण दुसऱ्या खेपेला तिला बोलाव.

कोल्हापूरला यायच्या आधी इन्स्ट्रक्टरना एक ड्युअल सॉर्टी (त्यांच्यासोबतचं उड्डाण) फक्त यासाठी माग. त्यांना सांग, मी फायनलवर असताना वेगवेगळ्या उंचीवर मला प्रश्न विचारा, तेल किती, उद्याची सॉर्टी किती वाजता, काहीही, आणि मी पाचशे फुटांखाली उत्तर दिलं तर थ्रॉटल पुढे करून मला फिरवा. पहिल्या दोन-तीन सर्किटला तू उत्तर देशीलच, कारण इन्स्ट्रक्टरला उत्तर न देणं आपल्याकडे उद्धटपणा मानतात. हळूहळू तोंड गप्प राहायला शिकतं. मग त्यांना फ्लेअरच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर, तुला न सांगता, गो-अराउंड म्हणायला सांग: वीस फुटांवर, पाच फुटांवर, चाक टेकल्यावर. सगळी सॉर्टी यातच गेली आणि एकही पूर्ण लँडिंग झालं नाही तरी चालेल, शेवटचं तेवढं फुल स्टॉप कर. ते डाउनविंडलाच सांगून.